व्याजाचा दर नसलेली हुंडी: सरकार तीन महिन्यांसाठी पैसे उचलते ते कसे

सरकार सगळ्यात कमी मुदतीचे जे कर्ज काढते, त्याच्या कागदावर व्याजाचा दर लिहिलेला नसतो. असते फक्त एक रक्कम आणि एक तारीख. अमुक दिवशी शंभर देऊ, एवढेच. हा कागद आज ९८.५५ ला विकत घ्यायचा, ९१ दिवस थांबायचे आणि त्या तारखेला पूर्ण शंभर घ्यायचे. मधले १.४५ हीच कमाई. ना हप्ता, ना कूपन म्हणजे ठरल्या तारखांना मिळणारे व्याज.

जुन्या व्यापारात मुदती हुंडी अशीच चालायची. मुदत भरायच्या आधी पैसे हवे असतील तर हुंडी सराफाकडे वटवायची. तो आपला वटाव कापून रोख मोजायचा. सरकारी हुंडीला राजभाषेत ‘कोषागार विपत्र’ असे नाव आहे, पण ते कुणाच्या तोंडी ऐकल्याचे मला आठवत नाही. बाजारात सगळे ट्रेझरी बिल म्हणतात, घाईत असले की नुसते टी-बिल. इथे मीही तेच म्हणतो.

हुंडीची उपमा मी ओढूनताणून आणलेली नाही. १८७७ साली ब्रिटिश सरकारला अल्प मुदतीचे पैसे उभे करताना अडचण येत होती, तेव्हा अर्थमंत्र्यांनी ‘इकॉनॉमिस्ट’चे संपादक वॉल्टर बॅजट यांचा सल्ला घेतला. लंडनच्या पेढ्या व्यापाऱ्यांच्या हुंड्या रोज घेतात आणि विकतात, तर सरकारनेही आपला कागद शक्य तितका तसाच करावा, असे बॅजट यांचे म्हणणे पडले. त्यातून ट्रेझरी बिल जन्माला आले. भारतात ते पहिल्या महायुद्धाच्या खर्चापायी १९१७ मध्ये आले.

सरकारला तीन महिन्यांसाठी पैसे का लागतात, हे लगेच लक्षात येते. पगार आणि पेन्शन दर महिन्याला द्यावे लागतात, तर आयकराची मोठी रक्कम ठरावीक तारखांनाच येते. वर्षाचा हिशेब जुळत असला तरी मधल्या आठवड्यांत खड्डा पडतो. बिले प्रामुख्याने तो खड्डा भरतात. खड्डा फारच अचानक पडला तर काही दिवसांची किंवा काही आठवड्यांची खास बिलेही काढतात. भारतात त्यांना कॅश मॅनेजमेंट बिल म्हणतात आणि त्यांची मुदत ९१ दिवसांपेक्षा कमी असते.

खरा प्रश्न वटावाचा आहे. ९८.५५ हा आकडा ठरवायचा कुणी?

सरकारने स्वतः ठरवून पाहिले आहे. १९२९ पर्यंत अमेरिकी सरकार अल्प मुदतीचे रोखे दर आधी जाहीर करून विकत असे. रोखे पडून राहिले तर सरकारची नाचक्की, म्हणून अधिकारी दर जरा सढळ हाताने ठेवत. साहजिकच मागणी उदंड येई, रोखे वाटून द्यावे लागत आणि ज्याला मिळाले तो पुढे चढ्या भावाने विकून मोकळा होई. म्हणजे सरकार दर वेळी थोडे जास्त व्याज देत होते आणि ते जास्तीचे व्याज मध्यस्थांच्या खिशात जात होते. शिवाय विक्री वर्षातून मोजक्या तारखांनाच व्हायची, त्यामुळे पैसे लागायच्या आधीच उचलून ठेवावे लागत. डिसेंबर १९२९ मध्ये त्यांनी पहिल्यांदा १० कोटी डॉलरची बिले लिलावात काढली. रक्कम आम्ही सांगतो, भाव तुम्ही सांगा.

भारतात गोष्ट उलट्या बाजूने बिघडली होती. जुलै १९७४ पासून ९१ दिवसांच्या बिलाचा दर ४.६ टक्क्यांवर खिळे ठोकून बसवला होता आणि बिले त्या दराने हवी तेव्हा मिळत. इतक्या कमी दराने आपणहून घेणारे थोडे, त्यामुळे बरीच बिले रिझर्व्ह बँकेच्याच पदरात पडत. त्याशिवाय ‘ॲड-हॉक’ बिले होती: सरकारची रिझर्व्ह बँकेतली शिल्लक ठरल्या मर्यादेखाली गेली की ती आपोआप निघत आणि रिझर्व्ह बँक ती घेई. सरळ सांगायचे तर नोटा छापून तूट भरण्याला दिलेले हे सभ्य नाव होते. नोव्हेंबर १९८६ मध्ये १८२ दिवसांची बिले आली, एप्रिल १९९२ मध्ये ३६४ दिवसांची, जानेवारी १९९३ पासून ९१ दिवसांच्या बिलांचेही लिलाव सुरू झाले आणि एप्रिल १९९७ मध्ये ॲड-हॉक बिले बंद झाली. दर ठरवण्याचे काम सरकारच्या हातून सुटायला एवढी वर्षे गेली.

आता लिलाव आतून पाहू. आकडे समजण्यापुरते घेतले आहेत, पण प्रत्यक्षात होते ते असेच.

सरकारने जाहीर केले की ९१ दिवसांची १,००० कोटींची बिले विकायची आहेत. बोली बंद पाकिटातल्यासारखी असते. कुणी काय लिहिले हे दुसऱ्याला दिसत नाही. घाऊक बोलीदार दोन गोष्टी लिहितो, भाव आणि रक्कम. पहिली बँक म्हणते, शंभराच्या बिलाला ९८.६० देईन, ३०० कोटींची बिले द्या. दुसरी ९८.५८ देते, तिला २५० कोटींची हवीत. तिसरी आणि चौथी दोघीही ९८.५५ वर थांबतात; एकीला ४०० कोटी हवेत, दुसरीला ३००. पाचवीला स्वस्तात हवे असते. ती ९८.५० लिहिते आणि एकदम ६०० कोटी मागते.

याखेरीज काही जण भाव लिहितच नाहीत. ‘लिलावात जो भाव निघेल तो मान्य’ असे म्हणून ते नुसती रक्कम सांगतात. या बिगर-स्पर्धात्मक बोली. छोट्या गुंतवणूकदारासाठी ही सोय मुद्दाम ठेवलेली असते, कारण भावाचा चौथा दशांश बरोबर की चूक यावर डोके झिजवायचे त्याला कारण नाही आणि तेवढी माहितीही नसते. धरून चालू की अशा बोली १०० कोटींच्या आल्या. त्यांचा वाटा आधी बाजूला काढतात. उरले ९०० कोटी.

मग बोली चढ्या भावापासून खाली लावायच्या. सरकारच्या दृष्टीने भाव जितका जास्त तितके व्याज कमी, म्हणून वरून सुरुवात. पहिलीला ३०० कोटी पूर्ण मिळाले. दुसरीला २५० पूर्ण. झाले ५५०, उरले ३५०. पुढच्या भावाला, ९८.५५ ला, मागणी आहे ७०० कोटींची. म्हणजे निम्मीच भागणार. दोघींना मागितल्याच्या निम्मे, २०० आणि १५०. इथे रक्कम संपली आणि रेघ ओढली गेली. ९८.५५ हा कट-ऑफ भाव. पाचवी बँक पाच पैशांनी हुकली आणि तिला काहीच मिळाले नाही.

या भावांचा वार्षिक परतावा काढला तर पहिल्या बँकेला सुमारे ५.७० टक्के पडतो आणि कट-ऑफवर ५.९० टक्के. बोलीत पाच पैशांचा फरक, तो वर्षाच्या हिशेबात सुमारे ०.२० टक्के होतो. ९१ दिवसांच्या बिलात पैशा-पैशावरून भांडण का असते ते यावरून कळावे.

इथपर्यंत सगळ्यांचे एकमत आहे. पुढच्या प्रश्नावर मात्र जगात दोन पंथ आहेत: जिंकलेल्यांनी पैसे कोणत्या भावाने भरायचे?

पहिला पंथ म्हणतो, ज्याने जे लिहिले ते त्याने भरावे. पहिली बँक ९८.६० देईल, दुसरी ९८.५८, बाकीच्या ९८.५५. भाव न लिहिणाऱ्यांना सगळ्यांची भारित सरासरी लागेल, ती आपल्या आकड्यांत येते ९८.५७५. ही बहुविध किंमत पद्धत. भारतातल्या टी-बिलांना हीच पद्धत आहे, जर्मनीतही हीच. दुसरा पंथ म्हणतो, सगळ्यांना एकच भाव लावा, कट-ऑफचा. पहिल्या बँकेने ९८.६० लिहिले असले तरी तिने ९८.५५ च भरावे. ही एकसमान किंमत पद्धत, अमेरिकेत नोव्हेंबर १९९८ पासून सगळ्या सरकारी रोख्यांना लागू.

पहिल्याने ऐकले की वाटते, दुसऱ्या पंथाचे सरकार खुळे आहे. समोरचा जास्त द्यायला तयार असताना कमी का घ्यायचे? आपल्या उदाहरणात हिशेब केला तर एकसमान पद्धतीत सरकारला २५ लाख कमी मिळतात. पण हा हिशेब एक गोष्ट गृहीत धरतो: दोन्ही पद्धतींत बँका तीच बोली लिहितील. त्या तशी लिहीत नाहीत. मला या साऱ्या विषयातला रंगतदार भाग हाच वाटतो.

बहुविध पद्धतीत जिंकणे ही निर्भेळ आनंदाची बाब नसते. ९८.६० लिहून ३०० कोटींची बिले मिळवलेल्या बँकेच्या अधिकाऱ्याला निकाल पाहून कळते की तेच बिल दुसऱ्याला ९८.५५ ला मिळाले. पाच पैसे फुकट गेले, वर साहेबांना उत्तर द्यायचे. पुढच्या आठवड्यात तो काय करील? बोली दाबून लिहील. आपल्या मते बिलाची खरी किंमत ९८.६० असली तरी ९८.५६ लिहील. सगळेच असे करू लागले की सरकारला वाटलेला फायदा हवेत विरतो. आणि दुसरे, नेमके किती दाबायचे हे ज्याला कळते तोच या खेळात टिकतो, म्हणजे रोज बाजारात बसलेल्या मोठ्या पेढ्या. बाकीचे एक तर त्यांच्यामार्फत घेतात किंवा लांब राहतात.

एकसमान पद्धतीत मनातला भाव लिहायला कुणी घाबरत नाही, कारण भरायचा तो कट-ऑफ. अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी १९५९ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे हाच मुद्दा मांडला होता: एकच भाव लावा, बोलीदार वाढतील आणि मूठभरांना आपापसांत संगनमत करणे अवघड होईल. त्यांचे म्हणणे अमलात यायला जवळपास चार दशके लागली. एकसमान पद्धतीलाही फट आहेच. मोठ्या बोलीदारांनी मिळून खालच्या भावाला बोली लावल्या तर कट-ऑफ सगळ्यांसाठीच खाली येतो. कोणत्या पद्धतीत सरकारचे जास्त पैसे वाचतात यावर ढीगभर अभ्यास झाले, निर्णायक कौल लागलेला नाही. माझे मत विचाराल तर पद्धतीपेक्षा बोलीदार किती आणि किती वेगवेगळे आहेत, याने जास्त फरक पडतो.

अमेरिकेने पद्धत बदलण्याआधी एक प्रकरण घडले. एका बोलीदाराला एका लिलावात ३५ टक्क्यांहून जास्त रोखे मिळू नयेत असा तिथे नियम आहे, म्हणजे कुणी सगळा माल कोंडून ठेवून बाजाराची अडवणूक करू नये. सॉलोमन ब्रदर्स या पेढीत सरकारी रोख्यांचा कारभार पाहणारा पॉल मोझर आपली बोली मर्यादेत ठेवी, पण त्याच वेळी ग्राहकांच्या नावाने, त्यांना न विचारता, आणखी बोली टाकी. फेब्रुवारी १९९१ मधल्या पाच वर्षांच्या रोख्यांच्या लिलावात अशा बोलींच्या जोरावर निम्म्याहून जास्त रोखे एकाच पेढीकडे गेले. ही बिले नव्हती, लांब मुदतीचे रोखे होते, पण लिलावाची यंत्रणा तीच. प्रकरण उघडकीला आले, पेढीला २९ कोटी डॉलर भरावे लागले, मोझर तुरुंगात जाऊन आला आणि पेढी सावरायला गुंतवणूकदार वॉरन बफे यांना काही महिने अध्यक्षाच्या खुर्चीत बसावे लागले. त्यानंतर लिलावाचे नियम नव्याने तपासले गेले आणि १९९२ पासून एकसमान पद्धतीचे प्रयोग सुरू झाले.

तोवर तिथे हा सगळा व्यवहार कागदावर चालायचा, हे आज खरे वाटत नाही. न्यूयॉर्क फेडच्या, म्हणजे अमेरिकी मध्यवर्ती बँकेच्या न्यूयॉर्कमधल्या शाखेच्या, इमारतीत पेढ्यांची माणसे बोलीचा फॉर्म जवळजवळ भरून, फक्त भावाची जागा कोरी ठेवून, कानाला फोन लावून उभी असत. मुदत संपायला काही सेकंद उरले की पलीकडून आकडा येई, तो लिहायचा आणि धावत जाऊन कागद पेटीत टाकायचा. एवढी घाई कशासाठी? बोली एकदा टाकली की ती परत घेता येत नाही आणि शेवटच्या मिनिटात बाजार हलला तर जुना भाव गळ्यात पडतो. १९९३ मध्ये संगणक आला आणि धावाधाव थांबली. शेवटच्या मिनिटापर्यंत थांबायची सवय गेली असेल असे मात्र समजू नका. भारतात बोली रिझर्व्ह बँकेच्या ई-कुबेर या प्रणालीवर टाकतात, लिलाव साधारण बुधवारी होतो आणि पैसे दुसऱ्या दिवशी द्यायचे असतात.

लिलाव संपला की निकालाचे छोटे पत्रक निघते. त्यातले दोन आकडे पाहायला शिकले तरी पुष्कळ. पहिला म्हणजे एकूण मागणी भागिले विकलेली रक्कम. आपल्या उदाहरणात मागणी आली १,९५० कोटींची, म्हणजे १.९५ पट. हा आकडा एकटा फार बोलका नसतो, कारण मिळणार नाही हे माहीत असूनही स्वस्तात मागणारे त्यात मोजले जातात; आपली पाचवी बँक आठवा. दुसरा जास्त कामाचा: सरासरी भाव आणि कट-ऑफ यांच्यातले अंतर. ते थोडे असले तर बोलीदारांचे साधारण एकमत होते. अंतर वाढले तर समजावे की रक्कम पुरी करायला सरकारला बरेच खाली उतरावे लागले.

आणखी एक सापळा आहे. अमेरिकी बिलांचा ‘दर’ म्हणून जो आकडा छापतात तो परतावा नसतो. तिथे वटाव दर्शनी शंभरावर मोजतात, आणि तोही ३६० दिवसांचे वर्ष धरून. आपले ९८.५५ चे बिल त्या रीतीने ५.७४ टक्क्यांचे दिसेल, प्रत्यक्षात परतावा ५.९० आहे. गुंतवलेले शंभर नसतात, ९८.५५ असतात, आणि वर्ष ३६५ दिवसांचे असते. दोन देशांच्या बिलांची तुलना करण्याआधी दर कसा मोजला आहे ते बघावे, नाहीतर सोळा शतांशांची चूक नुसत्या व्याख्येपायी होते.

घेणारे कोण? बँका, म्युच्युअल फंड, विमा कंपन्या, परदेशी मध्यवर्ती बँका. काही देशांत प्रायमरी डीलर म्हणून नेमलेल्या संस्थांवर दर लिलावात बोली लावण्याचे बंधनही असते, म्हणजे दुकान उघडले आणि गिऱ्हाईकच नाही अशी वेळ येत नाही. सामान्य माणसालाही दार उघडे आहे. अमेरिकेत १०० डॉलरपासून बिल घेता येते. भारतात किमान १०,००० रुपये लागतात आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये सुरू झालेल्या रिझर्व्ह बँकेच्या रिटेल डायरेक्ट खात्यातून, भाव न लिहिता, बोली लावता येते.

मोठ्या घेणाऱ्यांना बिल आवडते ते फक्त व्याजासाठी नाही. ज्याच्याकडे काही हजार कोटी आहेत तो ते एका बँकेच्या खात्यात ठेवू शकत नाही. बँक बुडाली तर ठेवविम्याने त्याचे काय होणार? बिल मात्र हवे तेव्हा विकता येते, गहाण ठेवून एका रात्रीसाठी पैसेही उचलता येतात. ही गरज किती तीव्र होऊ शकते, ते डिसेंबर २००८ मध्ये दिसले. अमेरिकेच्या चार आठवड्यांच्या बिलांचा लिलाव शून्य टक्क्याला सुटला, म्हणजे शंभर द्या आणि महिन्याने शंभरच घ्या. तरी मागणी विक्रीच्या कित्येक पट होती. जानेवारी २०१२ मध्ये जर्मनीची सहा महिन्यांची बिले त्याही पलीकडे गेली. शंभराहून किंचित जास्त मोजून लोकांनी शंभर देणारे बिल घेतले. ते व्याज नव्हते, सुरक्षित जागेचे भाडे होते.

पण बिलाची मुदत कमी असते आणि सरकारची गरज सहसा तेवढी कमी नसते. मुदत भरली की पैसे परत करायचे, ते बहुतेक वेळा त्याच सुमारास विकलेल्या नव्या बिलांतून. बुधवारी विकायचे आणि जुन्यांचे फेडायचे, आठवड्यामागून आठवडा. खरेदीदार येत आहेत तोवर हे चक्र दिसतही नाही. थोडे बिचकले तर ते जास्त वटाव मागतात, आणि बिलांचे सगळेच कर्ज अल्प मुदतीचे असल्याने वाढलेला दर काही महिन्यांत त्या संपूर्ण कर्जाला लागू होतो. लांब मुदतीच्या रोख्यात निदान जुना दर तरी टिकून राहतो.

रशियाने १९९३ मध्ये जीकेओ नावाची अल्प मुदतीची बिले सुरू केली आणि तूट भरायला तो त्यांच्यावर अधिकाधिक विसंबत गेला. परदेशी गुंतवणूकदारही आत आले होते. १९९८ मध्ये तेलाचे भाव पडलेले, आशियातल्या संकटाने सगळे धास्तावलेले. जुनी बिले फेडायला नवी विकायची तर खरेदीदार आठवड्यागणिक जास्त मागू लागले. जुलैत सरकारने बिलांच्या बदल्यात लांब मुदतीचे डॉलर रोखे देऊन काही बोजा पुढे ढकलून पाहिला. ऑगस्टपर्यंत बिलांवरचा वार्षिक परतावा १०० टक्क्यांच्या वर गेला होता. म्हणजे वटावावरून घासाघीस आता कुणी करतच नव्हते. बिलावरची तारीख पाळली जाईल का, एवढ्याच प्रश्नाची ती किंमत होती. १७ ऑगस्ट १९९८ ला सरकारने त्या बिलांचे पैसे देणे थांबवले.